नऊ जमिनी

टोकावड्याला हरेशच्या धाब्यामागे दोन खोल्या आहेत. माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर दुपारी तिथं आडवे होतात. त्यांतली एक खोली कुंडलिक सरांनी बारा दिवसांसाठी घेतली होती. एक लोखंडी खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर वालाचं शेत. सर सकाळी साडेसहाला उठत, सात वाजता धाब्याच्या बाकावर बसून चहा घेत आणि चहा संपायच्या आतच तीनदा घड्याळ बघत.

"सर, सोनं गावलं का?" हरेश रोज विचारायचा.

"खापरं गावली."

"खापरं माझ्याकडं पन हायेत. कालच दोन बरन्या फुटल्या. नेताव का?"

सर हसायचे. पण त्यांच्या हसण्यात नेहमी थोडी चोरी असे, जणू आपण हसलो ते बरोबर जागी हसलो की नाही याची त्यांना खात्री नसावी.

सर शहात्तर वर्षांचे होते. सापगावच्या विशे घराण्यातले, भातशेतीवाल्यांच्या घरात वाढलेले. गावातला हा मुलगा शिकून पुराणवस्तूंचा अभ्यासक झाला, कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, आणि निवृत्त होऊन परत सापगावला आला. त्यांच्या हाताखालून कितीतरी विद्यार्थी गेले. त्यांतली सरिता आता सरकारी पुरातत्त्व खात्यात अधिकारी होती. हे बारा दिवस तिनंच मिळवून दिले होते.

बारा दिवस कशाचे, ते सांगायला हवं. टोकावड्याच्या पुढे, रस्ता सोडून ओढ्याच्या काठाला एक टेपाड आहे. पांढऱ्या मऊ मातीचं, म्हणून लोक त्याला पांढर म्हणतात. जिथं पूर्वी वस्ती होती तिथली माती अशी पांढरी होते. चाळीस वर्षांपूर्वी सरांनी त्या टेपाडात एक छोटा चर खणला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक घर त्यात लागलं. घर म्हणजे काय, तर चुलीची जळकी माती आणि एकावर एक सारवलेल्या जमिनी. दर काही वर्षांनी जुनी जमीन उखडली की लोक तिच्यावरच नवी माती चोपतात आणि वर शेणानं सारवतात. अशा जमिनी सरांनी मोजल्या. नऊ.

नऊ जमिनी म्हणजे त्या घरात माणसं चार-पाच पिढ्या राहिली. ही वाटेवरची तात्पुरती पालं नव्हती, घर होतं. सरांनी तसं लिहिलं. पुढे सरितानं आपला सगळा प्रबंध त्याच आकड्यावर उभा केला.

पण तो आकडा कुणी मानला नाही. एका चर्चासत्रात एका मोठ्या अभ्यासकानं हसत हसत म्हटलं होतं, "विशे यांनी बहुधा आपल्या आईचं स्वयंपाकघर खणून काढलं." सभागृह हसलं. सरही हसले होते.

खरं दुखणं त्या हसण्याचं नव्हतं. खरं दुखणं हे की सरांना स्वतःलाच खात्री नव्हती. चर बंद करायच्या शेवटच्या संध्याकाळी उजेड गेला होता. आठ जमिनी त्यांना स्वच्छ आठवत होत्या. नववी दिसली होती, की असावीशी वाटली म्हणून हातानं कागदावर ओढली गेली? चाळीस वर्षं त्यांनी हा प्रश्न कुणालाही सांगितला नव्हता. सरितालाही नाही.

आता ते टेपाड विकलं गेलं होतं. शनिवारी मशीन येऊन ते सपाट करणार होतं. त्याआधी, शुक्रवारी दुपारी, सरिता येऊन चराचे फोटो काढणार, सरांचं रेखाटन घेणार आणि अहवालावर सही करणार होती. नऊ जमिनी आहेत की नाहीत, ते पाहायची ही शेवटची वेळ.

चर तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, आणि मंगळवारपर्यंत माणूस बुडेल इतका खोल झाला होता. खणायला वाडीवरची हिरी होती आणि तिचा भाऊ म्हादू. हिरी चाळीस वर्षांपूर्वीही होती, तेव्हा विशीतली. तिच्या बोटांना माती कळायची. गवंड्याची छोटी थापी ती मातीवरून ओढायची आणि आवाजावरून सांगायची, "सर, हितं बदलली."

मंगळवारी भर दुपारी तिनं थापी थांबवली.

"ही बघा तुमची नववी."

सर गुडघ्यावर बसले. काळपट, बोटाच्या पेराएवढी जाड पट्टी. कुंचल्यानं माती झटकली तर तिच्यावर सारवणाचे अर्धगोल फराटे उमटलेले. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा बाईनं पाचही बोटं फिरवून काढलेले. हिरीनं आपला तळवा त्यावरून हवेतच फिरवला आणि हसली.

"डावखुरी व्हती रांड," ती मायेनं म्हणाली.

त्या जमिनीचा एक तुकडा भिंतीत राखून बाकीची त्यांनी उचलली. खाली पिवळा मुरूम. माणसाचा हात न लागलेली माती. तिच्याखाली काही नसतं. सर बराच वेळ त्या पिवळ्या रंगाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. वर येऊन त्यांनी सरिताला फोन लावला.

"नऊ," ते म्हणाले.

"मला माहीत होतं सर," सरिता म्हणाली.

मला नव्हतं, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

संध्याकाळी चरावर निळं ताडपत्रीचं कापड घालून चारी बाजूंनी दगड ठेवले आणि सगळे घरी गेले.

बुधवारी सकाळी दव दाट पडलं होतं. ताडपत्रीवर थेंब न थेंब जागच्या जागी होता. म्हादूनं दगड काढले, कापड ओढलं, आणि वास आला.

सरांनी तो आधी ओळखला आणि मगच त्यांना कळलं की तो इथं यायला नको होता. ताज्या सारवणाचा वास. सणाच्या आदल्या दिवशी घरात येतो तो. शेण, ओली माती आणि थोडी राख.

खाली मुरूम नव्हता. त्याच्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक सारवलेली जमीन होती. ओली. तिच्यावर फराटे होते, एकसारखे, सुंदर.

मग सर म्हणाले, "हिरे, हे काय केलंस?"

"मी?"

"मग कोण? शुक्रवारी सरिता येणार आहे. ही काय थट्टा आहे?"

हिरी त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत सर तिच्याशी या आवाजात बोलले नव्हते.

"माझ्या घरची जमीन दिवाळीपासून उखडलीय सर," ती म्हणाली. "ती साराया मला येल नाय. आन तुमच्या खड्ड्यात मी यीन व्हय, एवढी उतरून?" तिनं उजवा हात पुढं केला. "आन ह्या हातानं? बघा की फराटे कुठल्या हाताचेत."

सरांनी पाहिलं आणि मान खाली घातली. माफी मागायला हवी होती. त्यांना शब्द जुळवता येईनात, आणि मग वेळ निघून गेली.

त्यांनी फोन करून सरिताला आडून विचारलं. मुरमावर रात्रीतून ओल येऊ शकते का? येते की सर, ती म्हणाली, खालचं पाणी वर ओढलं जातं, वर काळपट साय धरते. सरांना ते पटलं. पटावं असं त्यांना फार वाटत होतं.

"काढा ते," ते म्हणाले.

हिरी हलली नाही. "सारवलेली जमीन हाय. वाळल्याबिगर तिच्यावर पाय नाय ठेवाचा."

म्हादूनंही टोपली खाली ठेवली. मग सर स्वतः शिडीवरून उतरले. हिरीकडून आणलेला बसका लाकडी पाट त्यांनी कोपऱ्यात टाकला, काठी शेजारी उभी केली आणि बसून थापीनं ती जमीन खरवडायला लागले. ती सहज निघत होती. दुपारपर्यंत खाली पुन्हा पिवळा मुरूम झाला. मग तिथंच पाटावर बसून त्यांनी वही उघडली आणि तारखेपुढे लिहिलं, 'साफसफाई.' बाकी काही लिहिलं नाही.

विद्यार्थ्यांना ते तीस वर्षं सांगत आले होते, दिसेल ते लिहा, पटेल ते नाही. वही मिटताना त्यांना आपल्या हाताची शरम वाटली. पण नऊ हा आकडा आता कुठं खरा ठरला होता, आणि शुक्रवार दोन दिवसांवर होता.

निघताना त्यांनी पाट आणि काठी वर घेतली. ताडपत्रीच्या कडेला सगळीकडून चुन्याची फक्की टाकली. दोऱ्यांच्या गाठी स्वतः मारल्या.

गुरुवारी फक्कीवर मुंगीचाही माग नव्हता. गाठी त्यांच्याच होत्या. आणि वास कालच्यापेक्षा दाट होता.

खाली जमीन सारवलेली होती. या खेपेस मात्र सगळी नाही. कोपऱ्यात एक चौकोन कोरडा सोडलेला होता, त्याच्यापुढे दोन लांबट कोरडे डाग, आणि बाजूला रुपयाएवढा एक गोल ठिपका. फराटे त्यांच्या अगदी कडेपर्यंत येऊन, त्यांना वळसा घालून पुढं गेले होते.

सरांना तो आकार कळायला वेळ लागला. पाट. पावलं. काठी.

"असं का सोडलंय हे?" त्यांनी विचारलं.

हिरी चराच्या काठावर उकिडवी बसली होती. "घरात म्हातारं मानूस बसलेलं असल, उठाया होत नसल, तर आमी त्याला उठवत नाय. बस बाबा म्हनताव, आन भवतीनं सारवताव."

"पण मी इथं नव्हतो, हिरे. मी हरेशच्या खोलीत झोपलो होतो."

"तुमी सांगता तसं असल," हिरी म्हणाली.

थोड्या वेळानं ती उठली. थापी धुतली, पुसली, सरांच्या पिशवीत ठेवली.

"मी उद्या येनार नाय सर. म्हादू पन नाय. राग नाय माझा, कालचा तो कवाच गेला. पन ती बाय तिचं काम करतेय आन तुमी रोज खरवडून टाकताव. कुनाला आवडल?"

"कोण बाई?"

"मला काय म्हाईत? तुमीच शिकलेले." आणि शेतातून चालत जाताना मागं वळून, "जेवान टायमावर घेत जा. वाळलाव नुसते."

सरांनी एकट्यानं खरवडलं. थापी दोनदा निसटली. वालाच्या शेतात कुणीतरी गुरांना हाकत होतं. वरून बगळे गेले. दुपारी तीनला मुरूम पिवळा झाला. कोरड्या चौकोनाला काही करावं लागलं नाही. तो आधीपासून पिवळाच होता.

वहीत त्यांनी पुन्हा 'साफसफाई' लिहिलं.

शुक्रवारी हरेशनं सोन्याचं विचारलं नाही. "सर, बरं नाय काय?" म्हणाला. सरांनी चहा तसाच ठेवला आणि निघाले. बाभळीच्या सावल्या अजून लांब होत्या. टेपाडाच्या पायथ्याशी मशीन आदल्या संध्याकाळीच आणून उभं केलं होतं. त्याचा दात मातीत टेकलेला होता.

ताडपत्री त्यांनी एकट्यानं ओढली. आत काय असेल याची शंका राहिली नव्हती. होतंच. ओली जमीन, कोपऱ्यात कोरडा चौकोन, पावलं, ठिपका.

नऊ वाजले होते. सरिता बाराला येणार. खरवडायला तीन तास पुरले असते. खाली मुरूम दिसला असता, भिंतीत नऊ पट्ट्या, कागदावर नऊ, अहवालात नऊ. त्या चर्चासत्रात हसलेली ती माणसं आता हयात नव्हती, पण छापलेलं राहतं. सरिताच्या प्रबंधावरही बोट ठेवायला जागा उरली नसती.

सर काठावर उभे राहिले. मग त्यांच्या मनात आलं, त्या संध्याकाळी उजेड नसताना मी न दिसलेली एक जमीन काढली असेन, तर आज दिसत असलेली एक पुसतो आहे. दोन्ही एकच. ते म्हणत होते तोच माणूस मी.

त्यांनी थापी पिशवीतच ठेवली. चपला काढल्या. पाट बगलेत, वही गळ्यातल्या पिशवीत, काठी हातात घेऊन शिडी उतरले.

शिडीपासून कोपऱ्यापर्यंत चार पावलं होती. पायाखाली गार, मऊ लागलं. टाचा रुतल्या. लहानपणी ओल्या जमिनीवर पाऊल उमटवलं म्हणून आईनं धरून बडवलं होतं. वळून त्यांनी चार ठसे पाहिले आणि नकळत "चुकलं" असं पुटपुटले.

कोरड्या चौकोनात पाट नेमका बसला. पावलं पुढच्या डागांत बसली. काठीचं टोक ठिपक्यावर टेकलं.

त्यांनी रेखाटायला घेतलं.

भिंतीतल्या पट्ट्या एकेक मोजून, दोरी धरून, कागदावर उतरवल्या. पहिली. दुसरी. चुलीची लाल माती. पाचवी, तिच्यात कोळशाचा पुंजका. पेन्सिलीचा सरसर आवाज होत होता. ऊन हळूहळू भिंतीवरून खाली उतरत होतं. कितीतरी वर्षांनी त्यांचा हात स्थिर होता.

नववी त्यांनी काढली. ती होती. ती तेव्हाही होती. हे त्यांना एवढं अचानक आणि साधेपणानं कळलं की डोळे भरून आले.

मग तिच्याखाली त्यांनी दहावी काढली. शेजारी लिहिलं, 'सारवण. ओलं. वय: आजचं.' आणि तळाशी, एकूण जमिनी: दहा.

पेन्सिल थांबली.

सरसर आवाज थांबायला एक क्षण उशीर झाला.

सर मान न वळवता बसून राहिले. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. कुठं पाखरू नाही, वारा नाही. पाठीला गारवा जाणवला, ओल्या भिंतीजवळ बसल्यावर जाणवतो तसा. भिंत त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर होती. असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

वर गाडीचं दार वाजलं.

"सर!" सरिता काठावर आली. खांद्याला कॅमेरा, कपाळावर आडवा हात. "एकटेच? माणसं कुठं गेली?"

"आली नाहीत."

"काय सुरेख सारवलंय हो! हिरीबाईनं?" ती हसली, मग शिडीच्या दोन पायऱ्या उतरली आणि थबकली. "सर, पाय कुठं ठेवू? सगळं ओलं आहे."

"माझ्या ठशांवर ठेव. चार आहेत."

सरिता खाली बघत राहिली. तिनं एकदा शिडीच्या पायथ्याशी पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"कुठले ठसे?"

सरांनी पाहिलं. शिडीपासून त्यांच्या पाटापर्यंत जमीन सलग होती. फराट्याला फराटा लागून आलेला. एकही खोलगा नाही. त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये शेण वाळून तडकलं होतं, जमीन मात्र आत्ताच पुन्हा सारवल्यासारखी ओली होती.

"सर," सरिता हळूच म्हणाली, "तुम्ही आत गेलात कसे?"

सर बोटांमधल्या वाळलेल्या शेणाकडे बघत होते.

"वर या बरं आधी. हात द्या. फोटो नंतर बघू." ती बोलत राहिली. थांबायची तिला भीती वाटत असावी. "मोजून झालं ना? नऊच लिहू ना मी? नऊ म्हणाला होतात."

सरांनी मांडीवरचा कागद सरळ केला. पेन्सिल उचलली. दहावर एक बारीक काट मारली, शेजारी अकरा लिहिलं, आणि खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली.